शेवंताक्काचं पत्र्याचं घर

शेवंताक्का तारिहाळच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायची. तिचं पत्र्याचं घर तिनं स्वतः उभारलेलं, जागा मात्र भाड्याची. शेजारी तशीच आणखी अकरा घरं होती. मालकानं जागा विकली आणि नव्या मालकाचा, चन्नबसप्पांचा, माणूस येऊन सांगून गेला, "पंधरा दिवसांत घरं उचला."

शेजारणी रडू लागल्या. अक्कानं सगळ्यांचे जागेचे भाडेकरार गोळा केले, रजा टाकली आणि हुबळीला वकीलबाईंना गाठलं. नोंदणी केलेल्या करारांची अजून तीन वर्षं बाकी होती.

दुसऱ्या दिवशी बाराही जणी चन्नबसप्पांच्या दारात उभ्या राहिल्या.

"अण्णा, जागा तुम्ही घेतलीत, आनंद आहे," अक्का म्हणाली. "पण तिच्याबरोबर आम्हीपण आलोय. मुदत संपेपर्यंत भाडं तुमचं, राहणं आमचं."

चन्नबसप्पांनी करार दोनदा वाचला आणि त्यांना हसूच आलं. "विकणाऱ्यानं हे सांगितलंच नाही की! राहा, अक्का."

"तसं लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. परतताना बसमध्ये बायकांचा इतका गलका चालला होता की कंडक्टरनं विचारलं, "कुणाचं लग्न ठरलं काय?" अक्कानं हसत त्याच्या हातावर पेढा ठेवला.