कार्ड चोराकडे, सह्या माझ्याकडे

एक चोर माझ्या क्रेडिट कार्डावर संसार थाटत होता, तेव्हा मी त्याच्या विरोधात सह्या गोळा करत होतो.

मी ग्राहक चळवळीचा कार्यकर्ता. अन्याय दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. आदल्या दिवशी धानोऱ्याच्या बाजारात माझी सभा होती. विषय : आपले कार्ड कसे सांभाळावे. भाषण रंगात आलं तेव्हा मी खिशातून कार्ड काढून उंच धरलं. "बंधूंनो, शोषणाचं हत्यार असं दिसतं. हे मशिनला नुसतं टेकवलं तरी पैसे जातात, लहान रकमेला पिन लागत नाही." मागच्यांना दिसेना, म्हणून कार्ड लोकांत फिरवायला दिलं. टाळ्या परत आल्या. कार्ड आलं नाही, हे टाळ्यांच्या नादात माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांबरोबर शहाद्याला गेलो. लोणखेड्याच्या शेतातली आमची मोटर जळाली होती आणि पपई ऐन फळावर होती. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना पैसे बरोबर घेणार होते, पण मी त्यांना अडवलं. म्हटलं, "नाना, रोख कशाला? माझ्या कार्डावर बिनव्याजी हप्ते पडतात. जागरूक ग्राहक व्हा." त्यामुळे नाना जागरूक होऊन रिकाम्या खिशाने निघाले.

मोटरचं दुकान शांतिलाल शेठजींचं. त्यांनी मोटर पसंत करून दिली, बिल केलं आणि हात पुढे केला. मी पाकीट उघडलं. त्यात माझी तीन व्हिजिटिंग कार्डं होती. तेवढ्यात फोनवर बँकेचा मेसेज वाजला.

"नाना, माझ्या कार्डावर कुणीतरी पेट्रोल भरलंय."

"तुन्हं कार्ड कुठे शे?"

मला सभा आठवली. टाळ्या आठवल्या. हळू आवाजात सगळं सांगितलं.

नानांनी शांतपणे विचारलं, "घरनी चाबी बी सभामा फिरावस का तू?"

शेठजी घाईने म्हणाले, "भाऊ, सबसे पहले कार्ड बंद करो. बाकी सब बाद में."

आता हे व्यापारी माणसाचं बोलणं झालं. मी म्हणालो, "शेठजी, कार्ड बंद करणं ही वरवरची मलमपट्टी आहे. पिनशिवाय पैसे जातातच कसे, याचा जाब बँकेला विचारला पाहिजे." आणि त्यांच्याच काउंटरवर त्यांच्याच कागदावर निवेदन लिहायला बसलो. विषय : कार्डधारकांच्या जिवाशी चाललेला खेळ तात्काळ थांबवणेबाबत. प्रत माहितीसाठी : तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. (मंत्रालयाचीही प्रत काढणार होतो, पण शेठजींनी कागद आत ठेवून दिले.)

मी दुसऱ्या परिच्छेदात असताना साडीच्या दुकानाचा मेसेज आला. नानांनी फोन हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला.

"साडी लिधी त्यानी. चांगली भारी लिधी. बायकोवर जीव दिसस त्यान्हा."

"नाना, तो चोर आहे."

"शे ना. मी कुठे नही म्हनस? पन तू तुन्हा मायले कवय लिधी साडी?"

निवेदनाला सह्या हव्यातच. सह्यांशिवाय निवेदन म्हणजे मिठाशिवाय भाजी. दुकानात येईल त्याला मी गाठत होतो. वायरमनने केली. पाइप घ्यायला आलेल्या एका काकांनी पेन हातात घेऊन विचारलं, "रस्तानं काम शे ना?"

"व्यापक अर्थाने, हो," मी म्हणालो. त्यांनी घरच्या सगळ्यांच्या सह्या केल्या.

मग मिक्सर आला. म्हणजे मेसेज माझ्याकडे, मिक्सर चोराकडे. नाना आता बाकावर मांडी घालून बसले होते आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना घडामोडी सांगत होते. "साडी व्हयनी, मिक्सर व्हयना. पोरनं लगीन काढेल दिसस." कुणीतरी हळहळून म्हणालं, "खर्च तर व्हसच लगीनमा."

भर दुपारी आमचं शिष्टमंडळ बँकेत धडकलं. मी, नाना, वायरमन आणि रस्त्यावाले काका. मी दारातूनच घोषणा दिली. वायरमनने साथ दिली. काकांनी रस्त्याची मागणी केली.

काउंटरवरच्या मॅडमनी निवेदन उलटून पाहिलं. "कार्ड बंद केलं का?"

"मॅडम, प्रश्न एका कार्डाचा नाही, व्यवस्थेचा आहे."

फोन वाजला. चोराने बूट घेतले होते.

"आणि हा प्रश्न कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी माझा फोन घेतला, बँकेचं ॲप उघडायला लावलं आणि एक बटण दाखवलं. मी ते दाबलं. कार्ड बंद झालं. एक घोषणा पुरी देईपर्यंत सुद्धा वेळ लागला नाही. वायरमनचा वर गेलेला हात हळूच खाली आला.

मग मॅडमनी समजावलं. सायबर पोलिसांत तक्रार द्या, पोच आणा, हे व्यवहार मी केलेले नाहीत असा अर्ज भरा. "पण पहिला मेसेज सकाळचा आहे आणि कार्ड बंद केलंय दुपारी. उशिराचं कारण लिहावं लागेल. ते पटलं नाही तर सकाळपासूनचा खर्च तुमच्या माथी."

नानांचा चेहरा उतरला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही. "म्हंजे मोटर गयी," ते एवढंच म्हणाले.

शेकडो पत्रकं लिहिलेला मी, त्या एका ओळीपुढे अडलो. "सामाजिक कार्यात व्यस्त असल्याने" असं लिहिलं. मॅडमनी वाचून माझ्याकडे नुसतं पाहिलं, मी खोडलं. "व्यवस्थेच्या अनास्थेमुळे" लिहिलं. तेही खोडलं. शेवटी नानांनी अर्ज ओढून मॅडमसमोर सरकवला.

"ताई, तुम्हीच लिखा. लिखा, पोरगं पुढारी शे."

मॅडमनी खरंच तेच लिहिलं. मी खाली मान घालून सही केली. (त्या दिवसातली ही एकच सही कामाची निघाली.)

शेठजींनी मोटर दिली, पण नानांच्या शब्दावर. माझ्या शब्दावर नव्हे, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. पपईला पाणी सुरू झालं. पैसे कार्डाचा निकाल लागल्यावर द्यायचे ठरलं.

काही आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं. पेट्रोल, साडी, मिक्सर, बूट, सगळे पैसे माफ. नानांनी पत्र सगळ्या आळीला वाचून दाखवलं. मी मात्र खालचा शेरा वाचल्यापासून कुणाला तोंड दाखवत नाही. तिथे लिहिलंय : "उशिराचे कारण पूर्णपणे पटले."