त्रेपन्नची विहीर

चांदूर रेल्वेच्या टेशनावर माझा टांगा होता. एक दिवस अमरावतीकडून एक तरणा साहेब उतरला. अकोला, अमरावती, कचेऱ्या, गोऱ्यांची कबरस्तानं, सगळं पालथं घालून झालेलं. मोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं ते असं. विलायतेत त्याच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या खाणीत उतरणारी. रेल्वे झाली तेव्हा त्याचा आजा इकडे खडक फोडायला आला; पुढे खबरबात नाही. तिकडं गावानं ठरवलं, बायकोपोरं टाकून पळाला. बापानं जन्मभर ते ऐकलं. म्हणून हा आडनावाचा माग काढत आलेला, अन् संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार.

आडनाव माझ्या जिभेवर बसेना. दहा जणांना विचारलं, दहाही जणांनी माना हलवल्या. दुपारी घोड्याला पाणी पाजायला घरी थांबलो. साहेब ओट्यावर बसून तेच घोकत होता. बायको दाराआडून म्हणाली, "अवो, हा कवाचा त्रेपन्न त्रेपन्न काय करून राहिला? त्रेपन्नच्या विहिरीवर जाचं हाय काय त्याले?"

मी बादली तशीच टाकली. रुळाजवळची, इंजिनाच्या पाण्यासाठी खणलेली ती विहीर! आम्ही समजत होतो तो नंबर आहे. बाकीच्या बावन्न कुठं, हे कोणी विचारलंच नाही. गाढवं सगळी.

तिलाही टांग्यात घेतलं. घोडा तसा मी कधी हाणला नाही. वाटेत तिनं आपल्या आज्याकडून ऐकलेलं सांगितलं, मी ते हिंदीत साहेबाला सांगत गेलो. विहीर खणताना एक सुरुंग उडालाच नाही. मजूर खाली उतरेनात. मग गोरा मिस्त्री स्वतः उतरला, अन् सुरुंग तेव्हा उडाला.

विहिरीच्या काठावर एक दगड होता. बाया त्याला हळदकुंकू वाहत. तिनं पदर ओला करून तो खसाखसा पुसला. खाली छिन्नीनं कोरलेली अक्षरं! साहेबानं एकेका अक्षरावर बोट फिरवलं, आडनाव मोठ्यानं वाचलं अन् दगडाशेजारी बसला.

"भागा नहीं था," तो म्हणाला. तेच पुन्हा म्हणाला.

त्याला गाडीत बसवून परत येताना मी तिला टोमणा मारला, "साहेबाचं नाव बरं घेतलं. माहं कधी घेशीन?"

"तुमी हरपले का घेईन," ती म्हणाली.

हरपली तीच. 'अवो' सोडून दुसरं काही म्हणाली नाही कधी.