आत्याचा डोझर

आमच्या आत्याइतकं दुखण्याच्या मागे हात धुऊन लागणारं माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं नसेल. दुखणं कुणाचंही चालतं. पाहुणा ओसरीवर खोकला, की पाण्याच्या तांब्याआधी तिचे प्रश्न येतात, "कधीपासून हाय? बसल्यावर येतो का चालल्यावर?" माझी मोटारसायकल, शेजारणीची चक्की, जावयाची पाठ, सगळ्यांना तिने असंच तपासलंय. माझ्या लग्नात स्पीकर घरघरला, तेव्हा हातातल्या अक्षता तशाच धरून ती वायर हलवायला निघाली होती.

पण तिचं लाडकं दुखणं म्हणजे तिचा डोझर. मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, तो जुनाच घेतला होता आणि स्वतःच चालवायचे. मामा गेल्यावर तो विकायचा सल्ला द्यायला जे जे आले, त्यांना आत्याने चहा पाजून वाटेला लावलं. त्यांच्या मागे चालवायला गफूरभाई होते. ती पदर खोचून बाजूला उभी.

गेल्या उन्हाळ्यात साखरा गावच्या पाणंदीचं काम करताना डोझर मधोमध अडला. पुढचं पातं उचलेना, पातं उचलणारा तेलाचा पंप रडायला लागला, आणि गिअर टाकला तरी गाडी दोन हात सरकून थांबायची. पेरणी तोंडावर आलेली, शेताकडे जायची ती एकच वाट, आणि वाटेत हे धूड. गावातले एक म्हातारबा लंगडत पुढे आले.

"आक्का, भंगारवाल्याला बोलवा. कापून नेईल."

"काहून? तुमचा गुडघा दुखतो, तो कापला का?"

आधी तिने पात्याचं दुखणं धरलं. टाकीचं झाकण काढलं तर तेलावर ताकासारखा फेस. "पंप हवा पिऊन राहिला," आत्या म्हणाली. पण कुठून पितो? इंजिन चालू ठेवून ती टाकीपासूनच्या नळीच्या एकेका जोडाला बोटाने ग्रीस लिंपत गेली. पंपाजवळच्या जोडाला ग्रीस लागलं आणि पंपाचं रडणं थांबलं. तिथली चिरलेली नळी बदलली, पातं उचललं.

गिअरचं मात्र गफूरभाईंनी सांगून टाकलं, "आक्का, क्लच के प्लेटा गये. पूरा खोलना पडता."

पूर्ण खोलायचं म्हणजे पेरणी गेलीच. आत्या बांधावर बसून चहा प्यायली, मग म्हणाली, "करा चालू." डोझर सरकला, थांबला; लगेच पुन्हा गिअर टाकला तर हलेना. पुन्हा चहा, पुन्हा सरकला, पुन्हा थांबला.

"इंजिन तर अजून गरमच हाय, म्हणजे थंड होऊन चाललं असं न्हाई," ती म्हणाली. "प्लेटा गेल्या असत्या तर चहापुरत्या इसाव्यानं बऱ्या झाल्या असत्या काय? आत कायतरी तेलाच्या तोंडाशी येऊन बसतं, थांबलं की खाली पडतं. गिअरच्या तेलाची जाळी काढा."

"लेकिन आक्का, प्लेटा..."

"जाळी काढा म्हणते ना!"

तेल उतरवून गफूरभाईंनी जाळी बाहेर काढली. तिच्यावर धाग्यांचा बोळा चिकटला होता. त्यांनी तो पिळून उलगडला, तर हिरव्या कापडाला पिवळी किनार. आत्या बघत राहिली, आणि मग इतकी हसली की तिला बांधाचा आधार घ्यावा लागला. "माझंच लुगडं की हो! पुसायला मीच फाडून दिलं होतं."

जाळी धुतली, नवं तेल भरलं. डोझर पुढे गेला, मागे आला. पेरणीच्या आधी पाणंद झाली, बैलगाड्या शेतात गेल्या.

काम संपलं त्या दिवशी, ऊन कलल्यावर, गफूरभाई खाली उतरले. आत्या मला म्हणाली, "बाळा, जरा हात दे." तिला डोझरवर चढायचं होतं. इतक्या वर्षांत ती त्या सीटवर कधी बसलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. इंजिन बंद होतं. तिने कशालाच हात लावला नाही, काळेकुट्ट हात मांडीवर ठेवून नुसती लांबवर पाहत बसली.

"इथून शिवार एवढं दिसतं व्हय?" ती हळूच म्हणाली. "मला कधी बोलले न्हाई तुझे मामा."