चकतीतला डावा डोळा

नाना माणसाला भेटले की आधी त्याच्या डोळ्यांचं माप घ्यायचे. नमस्कार, कुठले तुम्ही, काय करता, हे सगळं नंतर. पेणला त्यांच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरवत होतो, तर कमरेला पंचा गुंडाळलेला एक सडसडीत म्हातारा समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुझा उजवा डोळा डाव्यापेक्षा अर्धा जव खाली हाय. बायकोला ठाव हाय का?" माझं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. असा राग आला की विचारू नका. म्हटलं, ओळख ना पाळख, आणि हा माझं थोबाड मोजतोय! पण दार लावून घेतल्यावर पहिला आरसा शोधून काढला. होता खरंच खाली.

नानांचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. साचे, घासकाम, रंग याला पाच-सहा माणसं. पितांबर आणि दागिने सुमनकाकींकडे, म्हणजे नानांच्या बायकोकडे. डोळ्यांची आखणी मात्र फक्त नानांची. ते बारीक कुंचला घेऊन मूर्तीसमोर बसले की शेडमधला रेडिओ बंद व्हायचा. कोणी शिंकायचं नाही. एकदा मी पायरीवर उभा राहून "नाना, जेवलात का?" असं विचारलं, तर काकींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चप्पल हातात घेऊन परत गेलो. आखणी झाली की नाना मागे सरकायचे आणि मूर्तीलाच विचारायचे, "काय, दिसतंय ना नीट?"

धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. आयटीआय झालेला, प्रेशरचे मीटर तपासणारा साधा कामगार. नाना मला "इंजिनेर" म्हणायचे. दहा वेळा सांगून पाहिलं की मी इंजिनेर नाही. "मीटर खोललंस ना? मग झालं तर!" त्यांच्या लेखी विजेवर चालणारी जगातली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात होती, आणि त्यातूनच पुढचा सगळा घोळ माझ्या गळ्यात पडला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आखातातल्या एका मराठी मंडळाने नानांकडून मूर्ती नेली होती. एक मोठी, आणि पूजेसाठी तिच्याबरोबर एक लहान. दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलं, सोबत उत्सवाची व्हीसीडी. पत्रात भरभरून कौतुक होतं आणि शेवटी एकच ओळ: मोठ्या मूर्तीचा डावा डोळा किंचित वर पाहतो असं काहींना वाटलं, पण दर्शन उत्तम झालं. नानांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. चकती कडेकडेने धरली होती, ओला रंग असावा तशी.

"इंजिनेर, हे दाखवणारं मशीन घ्यायचं. चांगल्यातलं."

"नाना, एका ओळीसाठी?"

"ऐक. सत्तरीला आलो. इथं मला कोण खरं सांगंल? सगळे म्हणतात, नाना, वा! मूर्ती तर तिकडं बुडवली, बघू कुठं? ही चकतीच काय ती राहिली. डोळा वाकडा असंल, तर चैतापासून मी कुंचला धरणार नाय. देवाला तिरळा करून पैसे घेणार नाय मी. आणि डोळा सरळ असंल, तर त्या मंडळाला असं पत्र लिहीन, असं लिहीन..."

काकी दारातून म्हणाल्या, "कशाला तो डबा घरात? लोक काय, कायपण लिहितात." मला वाटलं, खर्चाला भितात.

पेणच्या दुकानात गेलो. दुकानदाराने जे सुरू केलं ते थांबेचना. व्हीसीडी वेगळी, डीव्हीडी वेगळी. हा तीन चकत्यांचा, ह्याला गायला माइक. ह्याच्यात कॉम्प्युटरवरच्या गाण्यांच्या फायली चालतात, त्याच्यात चालत नाहीत. थोडं थांबलात तर नवीन मॉडेल येतंय, पण थांबू नका, हेच घ्या. आणि होम थिएटर करायचं तर स्पीकर पाच. "पाच कशाला? कान दोनच हायत," नाना म्हणाले. मी शहाण्यासारखी मान हलवत होतो आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

चकती लावली. पडद्यावर गणपती आला तो लांबट, उपाशी असल्यासारखा.

"हा माझा नव्हं," नाना.

दुकानदाराने रिमोटवरचं एक बटण दाबलं. गणपती बुटका झाला.

"आता?"

"आता शेजारच्या कारखान्यातला वाटतोय."

तिसऱ्या बटणाला मूर्ती मापात आली. पण डोळे बघायला चित्र थांबवलं, की डोळ्याचे चार चौकोन व्हायचे. डावा डोळा वर म्हणावा तर तो वरच्या चौकोनात, खाली म्हणावा तर खालच्या. नाना पडद्याला नाक लावून उभे आणि दुकानदार, "आजोबा, लांबून, लांबून!" करतोय. आम्ही हात हलवत घरी आलो.

रोह्याला एका व्हिडिओ लायब्ररीवाल्याने चकतीवरचं चित्र कॅसेटवर उतरवून दिलं, म्हणाला चौकोन जातील. चौकोन गेले, पण रंग असे पसरले की गणपतीचे दोन्ही डोळे पेंगुळले. मग आमच्या कंपनीतल्या एका साहेबांच्या घरी त्यांच्या कॉम्प्युटरवर बघितलं. चित्र पोस्टकार्डाएवढं, पण स्वच्छ. आणि त्यात डावं बुबुळ वर होतं. मला दिसलं. नानांना दिसलं की नाही कळेना. ते एवढंच म्हणाले, "हा डबा खोटा बोलतोय."

त्या रविवारी रोह्याहून परतताना एसटीत माझा संयम संपला. पिशवीत सहा कंपन्यांची पत्रकं, डोक्यात भुगा. म्हटलं, "नाना, एक लांबट दाखवतं, एक बुटकं, एक झोपाळू. कोणतं तरी एक घ्या, नाहीतर सोडून द्या! मला सुट्टीच्या दिवशी झोपू तरी द्या!"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कोणतं मशीन खरं, ते कोण सांगणार? तुमच्या कंपनीत मीटर खोटं बोलला तर काय करता?"

मी चिडूनच सांगितलं, "त्याच पायपावर दुसरा खात्रीचा मीटर लावतो. दोन्ही सारखेच चुकले तर घोळ पायपात. एकच चुकला तर तो मीटर बाद."

नागोठणं आलं तशी नानांनी मान वळवली. मग एकदम माझा दंड धरला. "अरे, बारका गणपती! पूजेचा! तो मोठ्याच्या पायाशीच बसलाय ना चकतीत? दोघांचे डोळे मीच केले, एकाच सकाळी. मशीन खोटं असंल तर बारक्याचेपण वाकडे दिसायला हवेत!"

खात्रीचा मीटर! रोज हेच काम करणाऱ्या माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळीच आम्ही पेणच्या दुकानात गेलो. या वेळी नानांनी काकींना बळेच बरोबर आणलं होतं. "रंगातलं हिला कळतं," म्हणाले. काकी खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. आरतीच्या जागी दोन्ही मूर्ती एकत्र दिसत होत्या, तिथे चित्र थांबवलं. चौकोन होतेच. पण लहान मूर्तीच्या चौकोनांत दोन्ही बुबुळं एका रेषेत होती. मोठीचं डावं वर. नानांनी लांबट करून बघितलं, बुटकं करून बघितलं, दुकानदाराकडचं दुसरं मशीन लावून बघितलं. लहान सरळ. मोठी वाकडी. दर वेळी.

"मशीन खरं हाय," नाना म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा पार गोंधळून गेला. "पण मग बारका सरळ कसा? त्याच हातानं केला. त्याच सकाळी. इंजिनेर, हात एका तासात बदलतो काय?"

मी दुकानदाराकडे पाहिलं. आणि काकी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"काय झालं गो? अगो, बोल की!"

"बारक्याचे मी सावरले," काकी म्हणाल्या. "तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. मोठ्याकडं वळणार तर टेम्पो दारात. दुपारी येणार होता, लवकर आला मेला. पेंढा भरला, खोका ठोकला. माझा हातच पोचला नाय वो."

"सावरले म्हंजे?"

"दोन वर्षं सावरतेय. तुम्ही जेवून आडवे झालात की."

"सगळे?"

काकींनी होकाराची मान हलवली.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. नाना पडद्याकडे बघत राहिले. दोन वर्षांत किती माणसांनी त्यांच्या पाया पडून "नाना, काय डोळे, जिवंत डोळे" म्हटलं असेल! मी स्वतः म्हटलं होतं. दुकानदाराने हळूच विचारलं, "मग आजोबा, यातलं कोणतं बांधून देऊ?"

"कोणतंच नको," नाना म्हणाले. "बघायचं ते बघून झालं." आणि काकींची वाट न बघता चालू लागले. काकी त्यांच्या मागून, मी काकींच्या मागून.

नानांचा राग मी तेव्हा पाहिला. आरडाओरडा नाही, काही नाही. पण पंधरा दिवस ते शेडमध्ये आले नाहीत. ओट्यावर बसून राहायचे. काकी ताट ठेवून जायच्या, ते जेवायचे, बोलायचे नाहीत. मला वाटलं, संपलं. एकदा धीर करून मी म्हटलं, "नाना, त्यांनी तुमच्यासाठीच केलं ना?" तर म्हणाले, "ते कळतं मला. मला फसवलं त्याचा राग नाय. एवढं बेस काम केलं नि मला बघू दिलं नाय, त्याचा हाय."

चैत्रात आखणी सुरू झाली त्या दिवशी मला वीकली ऑफ होता. मी शेडच्या पायरीवर होतो. नाना आले, पाटावर बसले, कुंचला धुतला, टोक ओठांनी बारीक केलं आणि काकींपुढे धरला. काकी "नको, नको" करत राहिल्या. नाना उठले, त्यांना पाटावर बसवलं आणि स्वतः काळ्या रंगाची वाटी हातात धरून शेजारी उकिडवे बसले. कोणीतरी रेडिओ बंद केला.

त्यानंतर नाना चार वर्षं जगले. दर वर्षी वाटी तेच धरायचे. शेवटच्या वर्षी त्यांना काकींचा चेहराही अंधुक दिसायचा. त्या भाद्रपदात ठाण्याचं एक जुनं गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आलं होतं. सवयीने नानांच्या पायाशी वाकून ते म्हणालं, "नाना, डोळे काय केलेत हो! हात अजून तसाच आहे तुमचा."

नानांनी पाय मागे घेतले. उभ्या जन्मात मी त्यांच्या तोंडून बायकोसाठी 'अगो' नि 'ही'खेरीज दुसरा शब्द ऐकला नव्हता.

"माझे नायत," ते म्हणाले. "त्या तिकडं बसल्यात. त्यांच्या पाया पडा."