मॅडमबायनी बघितलाय

चांगुणाबाय कुठल्याही साहेबाच्या खोलीत शिरली की आधी पायातली एक चप्पल काढून दाराच्या फटीत अडकवायची. दार आपोआप लागू नये म्हणून. मग एक पाय अनवाणी, एका पायात चप्पल, अशी उभी राहून जे बोलायचं ते बोलायची आणि निघताना चप्पल पायात सरकवून चालू लागायची. पहिल्यांदा ती आमच्या टाइम ऑफिसात आली तेव्हा मला हसू आलं. आत फक्त मी होते. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "दार लागला का आतली गोष्ट आतच ऱ्हाते, मॅडमबाय. सवय लावून घेतलेली बरी."

मॅडमबाय हे नाव तिचंच. कारखान्यात मला सगळे मॅडम म्हणत. नुसतं मॅडम तिच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनं त्याला बाय जोडली. बाय म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण. मी तिच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान. पण टेबलामागे बसणारी बाई ती थोरली, असा तिचा हिशेब असावा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तयार करणारा आमचा कारखाना होता. मी शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे एसटीनं यायचे. बी. कॉम. झालेली होते, हजेरीचं काम बघायचे, आणि ऑफिसात कायम होऊ घातलेली एकटीच बाई होते. टोकावड्याकडच्या गावांतून कुणबी, ठाकूर बाया जीपनं यायच्या. त्या ठेकेदाराच्या. त्यांचं काम म्हणजे दिव्याच्या पेटीसमोर एकेक कुपी धरून बघायची. तडा, बुडबुडा, एखादा केस दिसला की ती बाजूला. चांगल्या कुप्यांचा ट्रे भरला की तो दोन्ही हातांत उचलून गोडाऊनमध्ये न्यायचा. ट्रे जड आणि कुप्या नाजूक. फुटल्या तर पगारातून कापायचे, म्हणून ट्रे हातात असला की बाया श्वास धरून चालत.

चांगुणाबाय गरीब गाय वगैरे मुळीच नव्हती. कामाच्या वेळेत मिश्री लावायची. डब्यातलं लोणचं कुणाला देत नसे, वर दुसऱ्याच्या लोणच्यात मीठ जास्त आहे असं सांगायची. कारखान्यात नवा नियम लागला की तिचा प्रश्न ठरलेला: "ह्यो कायद्यात हाय का सायबाच्या मनात?" कायदा तिला फारसा ठाऊक नव्हता. बायांसाठी वेगळा संडास पाहिजे हे ती ज्या जोरानं सांगायची, त्याच जोरानं भातलावणीच्या दिवसांत बायांना भरपगारी रजा द्यायचा कायदा आहे असंही सांगायची. संडास बांधला गेला. रजेचा कायदा नाही हे मी तिला समजावलं तर म्हणाली, "नसंल तर करा. तुमी लिवणाऱ्या." बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तीही हसली, पण मागणी काही मागे घेतली नाही.

आमच्या पाळीचा सुपरवायझर मोकाशी. शहापूरचाच, माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहणारा, गणपतीची वर्गणी गोळा करायला हसतमुखानं येणारा. दिव्याच्या पेटीवर तो बायांच्या मागून वाकून कुपी दाखवायचा आणि हात त्यांच्या खांद्यावरून खाली यायचा. बायांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. तो मागे आला की शेजारची खोकायची, मग पलीकडची, मग सगळी रांग. कारखान्याच्या डॉक्टरनं एकदा काचेच्या धुळीची शंका घेऊन सगळ्यांना तपासलंसुद्धा. छातीत काही निघालं नाही. मला तो खोकला समजत होता. डॉक्टरला मी काही सांगितलं नाही.

गोडाऊनमध्ये मात्र खोकायला कुणी नसायचं. आणि बाईचे दोन्ही हात ट्रेला लागलेले असायचे. मोकाशीला हे माहीत होतं. जगात इतका वेळ कुठलीच बाई हात भरून, न हलता उभी राहत नसेल.

त्या दुपारी मी ओव्हरटाइमचं विचारायला मोकाशीला शोधत गोडाऊनकडे गेले. दार अर्धं उघडं होतं. आत चांगुणाबाय ट्रे घेऊन उभी होती. तो मागे होता, त्याचे दोन्ही हात तिच्या पदराखाली होते आणि तो काहीतरी पुटपुटत होता. ती हलत नव्हती. तिची नजर ट्रेवर होती, मग ती वर आली आणि माझ्यावर थांबली. मी दारात होते, फार तर पाच-सहा हातांवर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात सोडले. सगळ्या कुप्या खाली गेल्या. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. मी मागे सरले, वळले आणि ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसले. धावत गेले नाही. चालत गेले. कुणी बघितलं तर काहीच झालेलं नाही असं दिसावं, एवढं भान मला होतं.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाय मॅनेजरकडे गेली, चप्पल दारात अडकवून. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं तक्रार सांगितली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नुकताच होऊन गेलेला होता. कामाच्या ठिकाणी बायांच्या तक्रारींसाठी समिती हवी, तिची अध्यक्ष बाईच हवी, बाहेरची एक जाणकार बाई हवी, असं पत्र मुख्य कचेरीतून आलं होतं आणि आमच्याकडे ते कपाटात पडलं होतं. मॅनेजरनं ते बाहेर काढलं. ऑफिसात बाई एकच. मी अध्यक्ष झाले.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की मला बसवू नका, मी साक्षीदार आहे. मॅनेजरनं मला बोलावून चहा दिला, माझ्या कायम होण्याचा विषय काढला आणि म्हणाला, घरातलं घरात मिटलं तर बरं. त्यानं खोटं बोलायला सांगितलं नाही. खोटं कसं बोलायचं ते माझं मी ठरवलं.

इकडे बायांत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. पेटीवरच्या तिघी जणी साक्ष द्यायला तयार झाल्या होत्या. त्यांच्याशीही तो तसाच वागला होता. चांगुणाबायनं त्यांना गप्प बसवलं. कामावरून जाल, पोरी आहात, लग्नं व्हायचीत, असं म्हणाली. आणि वर म्हणाली, "गरजच काय गो? मॅडमबायनी बघितलाय. तीच तर वर बसलीय."

चौकशी कॅन्टीनमध्ये झाली. मी, अकाउंटंट आणि मुरबाडच्या एका महिला मंडळाच्या बाई. चांगुणाबाय इस्त्रीचं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून आली होती. झालं ते तिनं धडाधड सांगितलं. मोकाशी म्हणाला, ट्रे हातातून निसटला, भरपाई चुकवायला ही बाई माझ्यावर ढकलतेय, आणि वय बघा हो तिचं. अकाउंटंट हसला. मग महिला मंडळाच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी कागदावरचा प्रश्न वाचला. कुणी साक्षीदार आहे का?

चांगुणाबायला तो प्रश्न म्हणजे पूजेतला मंत्र वाटला असावा, म्हणायचा म्हणून म्हणतात तसा. ती हसली. "आसा काय इचारताव, मॅडमबाय? तुमीच की."

मी म्हणाले, "मी तिथं नव्हते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिला आधी वाटलं असणार की मला प्रश्न नीट कळला नाही, कारण तिनं तेच पुन्हा सावकाश सांगितलं. गोडाऊनचं दार, मी कुठं उभी होते, माझी साडी कुठली होती. लहान पोराला सांगावं तसं. मी मान खाली घालून लिहीत राहिले. काय लिहीत होते देव जाणे.

आणि एवढ्यावर मी थांबले नाही. ही गोष्ट मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेली नाही. मिटवायची युक्ती माझीच. आमच्या भागात दोन घरांतलं भांडण मिटलं की एका घरची बाई दुसऱ्या घरच्या बाईची ओटी भरते. सवाष्ण बाई भरलेली ओटी नाकारत नाही, आणि ओटी घेतली की भांडण पुन्हा उकरायचं नाही. मॅनेजर मुंबईचा, त्याच्या डोक्यात हे आलं नसतं. मी सुचवलं. मला त्याचा अभिमानही वाटला होता, कायदा आणि आपली माणसं यांची सांगड घातली म्हणून.

मोकाशीची बायको आली. किडकिडीत, घाबरलेली बाई. तिला काय सांगून आणलं होतं कोण जाणे. कॅन्टीनमध्ये सगळ्या बायांसमोर तिनं चांगुणाबायला हळदकुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ पुढे केले. तांदूळ सांडत होते. चांगुणाबायनं पदर पसरला आणि ओटी घेतली. मोकाशीनं सुस्कारा सोडला. मीही सोडला. मग चांगुणाबाय त्या बाईला वाकून नमस्कार करत म्हणाली, "वयनी, तुमची ओटी घेतली. तुमी सुखी ऱ्हा. तुमच्या नवऱ्याची माफी नाय घेतली. ती त्यानी मागितलीच नाय." आणि मोकाशीकडे वळून, "कायद्यात हाय का रे, बायकोला पुढं करायचा?"

कुणी खोकलं नाही. कुणी हसलंही नाही.

आठवड्याभरात ठेकेदारानं तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कारण ट्रे. ठाण्याच्या एका वकिलाकडे ती गेली होती म्हणतात. त्यानंही साक्षीदार कोण एवढंच विचारलं. त्या तिघी आता बोलायला तयार नव्हत्या. अध्यक्ष बाईच उलटते तिथं आपलं काय? हळूहळू गावात पसरलं की चांगुणीनं सायबावर आळ घेतला आणि मॅडमचं खोटं नाव पुढं केलं. तिच्यावर आयुष्यात भांडखोर, चिकट, तोंडाळ असे सगळे शिक्के बसले होते. खोटारडी हा नव्हता. तो मी मारला.

मी कायम झाले. मोकाशी दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत बढतीवर गेला.

पुढे सात-आठ वर्षांनी नातेवाइकांकडे जुन्नरला निघाले होते. एसटी टोकावड्याला ढाब्यावर थांबली. चुलीवर भाकऱ्या थापत चांगुणाबाय बसली होती. केस पिकले होते, मिश्री तशीच. मला बघून म्हणाली, "बाई, चा घेणार का?" बाई म्हणाली, मॅडमबाय नाही. ढाबेवाल्याशी तिनं आधीच ठरवून घेतलं होतं, चूल बाहेर, उघड्यावर पाहिजे, आत बसणार नाही. भाकरीवरून तिनं गिऱ्हाइकाला एक टोमणा मारला, तोही जुन्या ताकदीचा. मी चहाचा कप हातात धरून उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलले. मी तिथं होते, मी बघितलं होतं, मी भ्याले, मला कायम व्हायचं होतं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मना कशाला सांगताव? मना म्हायत हाय. ज्यांना नाय म्हायत त्यांना सांगा."

चुलीच्या पलीकडे तिची सून पीठ मळत होती, तिनं वर बघितलं. एसटीचा हॉर्न वाजला. मी गाडीत जाऊन बसले. तेव्हाही मी चालतच गेले.

पुढच्या पावसाळ्यात चांगुणाबाय गेली. कावीळ अंगावर काढली, असं जीपवाल्याकडून कळलं. मी दिवसकार्याला गेले नाही. महिनाभर मला एका जागी बसवत नव्हतं. भाजी निवडताना उठायचे, उगाच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. शेवटी एका रविवारी मुरबाडला उतरून तिच्या गावची एसटी धरली.

सून ओटीवर उडीद पाखडत होती. तिनं मला ओळखलं. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. गोडाऊन, ट्रे, त्याचे हात, दारातली मी, चौकशीतलं माझं उत्तर. सूप तिच्या हातात थांबलं होतं. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मंग तवा का नाय बोललाव?"

मी नोकरीचं सांगितलं. मॅनेजरच्या चहाचं सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच ते ऐकवेना, मी मधेच थांबले. तिनं पुढचं विचारलं नाही. सूप भिंतीला टेकवलं, पदर खोचला, पायात चपला घातल्या.

"चला," म्हणाली.

मला वाटलं, एसटीवर सोडायला निघाली. ती शेजारच्या घरासमोर थांबली. आतल्या म्हातारीला हाक मारून बाहेर बोलावलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आत्ये, ही कंपनीतली बाई. आमच्या सासूबद्दल हिला काय सांगायचाय, ता आयका." म्हातारी दाराला टेकून उभी राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हातारीनंही तेच विचारलं, तेव्हा का नाही बोललात? मग पलीकडचं घर. तिथं त्या तिघींतली एक सासरहून माहेरी आलेली होती, कडेवर पोर. ती ऐकत असताना माझी जीभ अडखळली, तर सून म्हणाली, नीट सांगा, सासूनी तुमाला दोन येळा सांगितला व्हता. मी नीट सांगितलं. पोर रडायला लागलं, तरी ती बाई तिथून हलली नाही.

पाणी द्याल का म्हणून मी विचारलं. सुनेनं तांब्या आणून दिला, मी पिऊन होईपर्यंत थांबली, तांब्या परत घेऊन पायरीवर ठेवला आणि पुढे चालू लागली.

"चला," ती वळून म्हणाली, "आजून लय घरं हायत."