माटवीला बांधलेला वाय-फाय

आमच्या घरातला वाय-फायचा डबा मी स्वतः जुळवलेला आहे. तळहाताएवढा जुना संगणक-बोर्ड, त्याला एक अँटेना, वर बिस्किटांच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण. बाजारात तयार मिळतो, माहीत आहे. पण तयार वस्तू रुसली की आत काय झालंय ते कळत नाही, आणि मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. आई ह्याला खोड म्हणते.

यंदा त्या खोडीवरच आमची चतुर्थी येऊन ठेपली. माझा थोरला भाऊ, दादा, मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. चतुर्थीला तो घरी नाही, असं पहिल्यांदाच होत होतं. त्या दुपारी त्याचं जहाज बंदराला लागणार होतं, पुढे कित्येक दिवस नुसता समुद्र. त्याला आरती दिसली पाहिजे, एवढंच आईने मागितलं होतं.

आदल्या संध्याकाळी मी तारकर्लीच्या मामेबहिणीला चाचणीचा व्हिडिओ कॉल लावला. तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी आला आणि तोंड उघडं असतानाच थिजला. लॅपटॉपला थेट वायर जोडून पाहिली, तर वेग झकास. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठणठणीत, दुखणं माझ्याच डब्यात.

मग मी हात धुऊन मागे लागले. शेजारच्या लॉजचे राउटर आमच्याच चॅनलवर गर्दी करत होते, तो चॅनल बदलला. अँटेना वीज वाचवायला मधूनमधून झोपा काढत होती, ती सोय बंद केली. फरक पडला, पण नावापुरता. सकाळपर्यंत तर हाच डबा नीट चालत होता. मग सकाळनंतर घरात बदललं काय?

मान वर केली, तर समोर माटवी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली, परसातली फळं-फुलं बांधतात, ती सकाळीच सजली होती. डबा तिच्या मागच्या फळीवर, कारण इन्व्हर्टरचा प्लग तिथे. अँटेनाच्या नाकासमोर तवशी, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या पाणीदार काकड्या, सुपारीचे हिरवे घोस, नारळ. पाणी ह्या लहरी शोषतं असं वाचलं होतं. खरं वाटेना, म्हणून डबा उचलून वायर पुरेल तेवढा बाजूला धरला. वेग चढला. बांधून उरलेलं एक तवसं समोर धरलं, उतरला. दोन धरली, आणखी उतरला. मला हसूच फुटलं.

"तवशाक काय करतस गो?" आईने दारातून विचारलं.

सगळ्यात आडवी येत होती नारळांची पेंड, एकत्र बांधलेला जुडगा. मी ती सोडायला हात घातला.

"ती सोडू नको. तुझ्या भावाच्या नावान बांधलंय मियां."

पेंड बांधणं हे दरवर्षी दादाचं काम. आणि माटवीला एकदा बांधलेलं विसर्जनापर्यंत निघत नाही. मी वैतागले. "मगे तेका आरती दिसाची नाय, आये."

बोलून गेल्यावर मलाच वाईट वाटलं. वायर पुरेल आणि फळं मागे राहतील अशी एकच जागा होती, माटवीची पुढची पट्टी. पण तिथे प्लास्टिकचा डबा बांधायचा, हे आईला सांगायचं कसं? शेवटी चाचरत सांगितलं.

तिने डब्याकडे बराच वेळ पाहिलं. "ह्या तुझ्या भावाक घराक हाडता मां? मगे बांध." आणि दादाला घरी आणणाऱ्या त्या डब्याला स्वतःच कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी आरतीला दादा पडद्यावर आला, न थिजता. सगळे टाळ्या वाजवत होते, तो मात्र गणपतीच्या वर बघत होता.

"आये, पेंड कोणी बांधल्यान?"

"मियां."

"गाठ सैल आसा. पडतली. वायच आवळ."

आरती संपताच आई स्टुलावर चढली. तो सांगत गेला, ती आवळत गेली. गाठ कधीच घट्ट झाली होती, तरी ती त्याला विचारत होती, "अजून?"