नॉर्वेचा मासा आणि मावशीची खिडकी

फोन आला तेव्हा मी हिंगोलीतच स्टेशनच्या बाजूच्या एका नव्या वसाहतीत भाड्याची खोली बघत होते. ओट्यासमोर मोठी खिडकी होती आणि मी तेवढीच बघत होते. घरमालकांनी आडनाव विचारलं, ते मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "नॉनव्हेज करता का?" मी उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच फोन वाजला. हळदीच्या आडतीवरून मावशीची सोबतीण रडत बोलत होती. हळद निवडता निवडता मावशी भिंतीला टेकली, ती उठलीच नाही... मी घरमालकांना सांगितलं, माझी मावशी गेली. ते "अरेरे" म्हणाले, आणि थोडं थांबून, "मग आता खोली नको असेल तुम्हाला." त्यांच्या आवाजात सुटका होती. ती मला अजून ऐकू येते.

मुक्तामावशी माझ्या आईची मोठी बहीण. लवकर एकटी पडलेली, मूलबाळ नाही. माझे आईवडील सिद्धेश्वरला असतात, वडील धरणात मासेमारी करतात. आमच्या घरात कुणी शाळा पुरी केलेली नव्हती. मावशीनं मला चौथीनंतर हिंगोलीला आणलं आणि तिच्या एका खोलीत शिकवलं. तिची बोटं कायम पिवळी असायची. वडील धरणातले झिंगे उन्हात वाळवून एस.टी.नं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायचे. झिंगे आले की मावशी आधी दार लावायची, मग खिडकी, मग खिडकीच्या फटीत जुन्या लुगड्याची चिंधी बोटानं ठासायची आणि नंतरच तवा ठेवायची. भर एप्रिलात आम्ही त्या धुरात खोकत, डोळे पुसत, झिंगे आणि भाकरी खायचो. खालच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहायच्या. त्या एकदा जिन्यात म्हणाल्या होत्या, "मुक्ताबाई, आमच्याकडं असला वास चालत न्हाई." त्यांचा मुलगा दर रविवारी कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर कोंबडी खाऊन यायचा, हे गल्लीला माहीत होतं. मावशी मला हळूच म्हणाली, "त्याचा वास नाक्यावरच उतरून घेतो वाटतं गाडीतून." आम्ही हसलो, पण तोंडावर हात ठेवून. मग ती म्हणाली, "शिकून नोकरीला लागलीस ना पोरी, की खिडकी उघडी ठिवून झिंगे भाजता येतील अशी खोली घे. मला दुसरं काई नको."

पुढं शिष्यवृत्ती मिळाली आणि मी नॉर्वेला गेले, अगदी उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावात. वसतिगृहात माझ्या मजल्यावर एमिली नावाची अमेरिकन मुलगी होती. तिथलं जेवण तिलाही माझ्याइतकंच नवं होतं. आम्ही दोघींनी मिळून एकेक पदार्थ चाखला. शेळीच्या दुधाच्या निवळीचं आटवून केलेलं तपकिरी चीज तिला गोड टॉफीसारखं लागलं, मला करपलेल्या खव्यासारखं. पण मी खरी थांबले ती समुद्रकाठी. तिथं लाकडी मांडवांवर हजारो मासे उघड्यावर वाळत टांगले होते. गावभर त्यांचा वास होता आणि लोक त्या मांडवांपुढं उभं राहून फोटो काढत होते. मी मावशीला व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली, "उगंच काई सांगू नको. त्यांचा घरमालक कुठं गेला?"

तो सुका मासा कित्येक दिवस भिजवून एमिलीनं एकदा शिजवायला घेतला. बाहेर बर्फ होतं. वास सुटताच मी उठून खिडकी लावली. ती म्हणाली, "उघडी ठेव, वास जाऊ दे." मी म्हणाले, "बाहेर लोक आहेत." ती म्हणाली, "मग?"

मी खिडकीच्या फटीवर बोट दाबून उभी राहिले.

शिक्षण संपवून परत आले तेव्हा मी एक अख्खा सुका मासा आणला. मावशीनं तो हातात तोलला. "हे तर लाकूड हाय गं! खायाचं का चुलीत घालायचं?" वरवंट्यानं ठोकून, भिजवून, काळा मसाला घालून तिनं कालवण केलं. वास सुटला तशी ती खिडकीशी गेली, थांबली. "तिथं उघडी ठिवत्यात, व्हय?" मी व्हय म्हणाले. "मग पाव्हणा हाय, त्याच्या रीतीनं होऊ दे," असं म्हणून तिनं चिंधी ओढून काढली आणि खिडकी सताड उघडली. थोड्याच वेळात जिन्यात पावलं वाजली. काकू दारात येऊन म्हणाल्या, "काय करून राहिलात? वास कशाचा?" मावशी म्हणाली, "परदेशातला मासा हाय, काकू. नॉर्वेचा." काकूंचा चेहरा बदलला. "विदेशी का? मग तसा वास वेगळाच हाय हो... पोराला दाखवायला एक तुकडा द्या की." मावशीनं वाटीत दोन तुकडे दिले. त्या खाली गेल्यावर तिनं खिडकी लावली, चिंधी पुन्हा ठासली. मी म्हणाले, "मावशी, काहून लावलीस?" ती पातेल्याकडं बघत म्हणाली, "आपल्या झिंग्याला पासपोर्ट न्हाई ना, बाई."

तिचं ते कालवण मला गोड लागलं नाही. तिनंही ताटात सोडलं. त्यानंतर मी नोकरी धरली आणि खोल्या बघू लागले. कुठं आडनावाशी बोलणं थांबलं, कुठं स्वयंपाकाशी. मावशी विचारायची, "भेटली का?" मी म्हणायचे, भेटेल. तिनं विचारणं सोडलं नाही... फोन आला त्या दिवशीही सकाळी विचारून गेली होती.

मावशीचा जलदान विधी झाल्यावर काकू म्हणाल्या, खोली लवकर मोकळी करा, रंग द्यायचाय. आईवडील सामान घेऊन पुढं गेले. मी भांडी बांधायला मागं राहिले तेव्हा फळीवर डब्यात थोडे झिंगे सापडले. आता कुणाची भीती, असं म्हणून मी चिंधी काढली, खिडकी उघडली, तवा ठेवला. उघडली होती हे मला पक्कं आठवतं, कारण गल्लीतून भाजीवाल्याची हाक आत आली होती. झिंगे परतत राहिले. डोळ्यांत धूर जाऊन पाणी आलं, तेव्हा मान वर करून पाहिलं, तर मी तव्याशी नव्हे, खिडकीशी उभी होते.

खिडकी लावलेली होती. चिंधी फटीत नीट ठासलेली होती आणि माझं बोट अजून तिच्यावरच होतं.